हे कशाचं?

चहाचा कप हातात ठेवला तरी सर आधी विचारायचे, "हे कशाचं?"

कॅन्टीनवाल्याने सुरुवातीचे काही महिने सरळ उत्तरं दिली. मग तो वैतागला. "सर, चहा हाय. चहाचाच हाय." सर कप तसाच धरून उभे. "दूध?" "म्हशीचं." "पाणी?" "नळाचं." "साखरच ना?" "हाव सर, साखरच. गूळ नाई." एवढं झालं की ते चहा पीत. दूध भुकटीचं आहे असं सांगितलं असतं तरी प्यायले असते. फक्त कुणीतरी सांगितलेलं असायला हवं.

एकदा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार झाला. पाहुण्यांनी खांद्यावर शाल घातली. सरांनी स्टेजवरच विचारलं, "ही कशाची?" पाहुणे म्हणाले, "लोकरीची." सरांनी काठाचा एक धागा ओढून बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि माइकपासून हात-दीड हातावर उभं राहून म्हणाले, "नाही. अॅक्रिलिक आहे." सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. मग त्यांनी पाहुण्यांचे मनापासून आभार मानले आणि तीच शाल पुढचे चार हिवाळे पांघरली.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मी त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. सर तिथे डेमॉन्स्ट्रेटर होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटकुळे, लग्न केलेलं नाही. पुढे लेक्चरर होण्यासाठी जे कागद भरायचे असतात ते त्यांनी कधी भरले नाहीत. आमची प्रयोगशाळा म्हणजे जिनिंगचं जुनं गोदाम. छपराच्या कैच्यांना अजून कापसाचे तंतू लोंबायचे आणि पंखा लावला की एखादा बीकरमध्ये पडायचा. सर तो चिमट्याने काढून बाजूला ठेवत. फेकत नसत.

पहिल्याच आठवड्यात मला प्रयोगशाळेच्या मागच्या ओसरीत एक पोतं दिसलं. वासावरून आत काय आहे ते मला लगेच कळलं, कारण आमच्या घरी वडिलांकडे सगळे मासळी खाणारे. सुक्या झिंग्यांची टरफलं होती ती. डोकी, मिशा, शेपट्या, पायांचा भुगा. झिंगा एकही नाही.

"सर, हे काय आहे?" मी विचारलं.

सरांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना उलटा कुणी विचारत नसे.

समुद्र आमच्यापासून शेकडो मैल. पण सुके झिंगे पोत्यांत भरून ट्रकने येतात आणि वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक आठवडी बाजारात एक रांग त्यांची असते. विकणाऱ्या बाया झिंगे पाखडतात आणि खाली भुगा पडतो. तो नालीत जातो. सर म्हणायचे, "एवढ्या लांबून ट्रकने आणतो आपण, आणि अर्धं नालीत टाकतो." नागपूरला शिकत असताना त्यांनी कुठल्याशा परदेशी नियतकालिकात वाचलं होतं की झिंगे-खेकड्यांच्या कवचात एक चिवट पदार्थ असतो, त्याचे बरेच उपयोग होतात. त्यांनी तो विषय संशोधनासाठी मागितला. तिथले प्राध्यापक हसून म्हणाले, "आधी समुद्र शोधा." सर गावी परत आले आणि त्यांनी यमुनाबाई शोधली.

यमुनाबाई बाजारात झिंगे विकायची. पन्नाशीची, तोंडात कायम तंबाखू. सर बाजाराच्या दिवशी दुपारी तिच्यासमोर उकिडवे बसून बारदानावरचा भुगा हाताने गोळा करायचे. मी एकदा सोबत गेले होते.

"काऊन वो सर," ती म्हणाली, "कचरा नेता अन् झिंगा कदी घेत नाई. किती वर्स झाले."

"मी खात नाही, बाई."

"खात नाई तं मंग सुंगता काय?"

"उकळतो."

यमुनाबाईने माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू यायच्या हाताखाली हायेस? घरी सांगतलं का तुया?"

सरांना याचा राग येत नसे. उठताना ते तिला हात जोडत. सरांच्या घराण्यात चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नव्हता, आणि ते ज्या खोलीत भाड्याने राहत तिथले घरमालकही शाकाहारी. त्यामुळे पोतं कॉलेजात राही आणि सगळं काम रविवारी, ओसरीत, भुशाच्या शेगडीवर चाले. विद्यार्थी त्यांना पाठीमागे झिंगेसर म्हणायचे. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची हळूहळू सरकत खिडकीपाशी गेली होती. ती कुणी सरकवली हे त्यांनी कधी विचारलं नाही. म्हणायचे, इथे उजेड बरा आहे.

काम सांगायला सोपं होतं. टरफलं धुवायची, वाळवायची, खलबत्त्यात कुटायची. मग पातळ आम्लात टाकायची. आम्ल फसफसतं आणि टरफलांतला चुना विरघळून जातो. मग पातळ कॉस्टिक सोड्यात उकळायची म्हणजे मांसाचा उरलासुरला अंश निघून जातो. ते मळीचं पाणी सर निवल्यावर आम्ल घालून त्यातला सोडा मारून पपईच्या झाडाला घालायचे. इतकी मोठी पपई मी पुन्हा पाहिली नाही, पण ती स्टाफपैकी कुणी खाल्ली नाही. मी खाल्ली. बरी होती. एवढं झाल्यावर मागे राहतात मऊ, फिकट गुलाबी पापुद्रे. ते पुन्हा घट्ट सोड्यात काही तास तापवायचे, आणि धुवायचे, आणि धुवायचे. हात सोलून निघेपर्यंत. शेवटी उरलेल्या पांढऱ्या पापुद्र्यांना पुस्तकात कायटोसान म्हणतात. सर सत्त्व म्हणायचे, गुळवेलीचं सत्त्व म्हणतात तसं. ते सत्त्व साध्या पाण्यात विरघळत नाही. व्हिनेगर घातलं की विरघळून पेजेसारखं होतं. व्हिनेगरात विरघळलं तर साधलं, नाही तर महिनाभराची मेहनत पपईला.

त्या घट्ट सोड्याशी माझी पहिली गाठ चांगली पडली नाही. सरांचं लोखंडी घमेलं गळायला लागलं होतं. मी व्यवहारी बाई. नवीन वस्तू मागवायची तर अर्ज, तीन सह्या आणि चार महिने. मी घरून जर्मलचा गंज आणला, मोठं उभं पातेलं. आमच्याकडे त्या पांढऱ्या हलक्या भांड्यांना सगळे जर्मलच म्हणतात. सर बाजारात गेले होते. मी गंजात सोडा ओतला, शेगडीवर ठेवला, आणि पाच मिनिटांत तो असा काही उसळायला लागला की मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पळाले. सर आले तेव्हा शेगडी विझलेली होती आणि गंजाच्या बुडाला सात-आठ भोकं होती.

सरांनी गंज उचलून उजेडाकडे धरला. "बाई, हे कशाचं?"

"जर्मलचं."

"जर्मल कशाचं?"

मी भोकांकडे पाहिलं. मग म्हटलं, "अॅल्युमिनियम."

"सोड्यात अॅल्युमिनियमचं काय होतं?"

"विरघळतं."

"बी.एस्सी. ना तुम्ही?" एवढंच. आवाज चढवला नाही. तो गंज मात्र त्यांनी ओसरीच्या खुंटीला टांगला आणि मी तिथे होते तोवर तो तिथेच होता. प्रत्येक बाटलीवर, प्रत्येक डब्यावर आत काय आहे आणि ते कशापासून केलं आहे याची चिठ्ठी असलीच पाहिजे हा त्यांचा नियम होता. गंजाच्या दांड्यालाही त्यांनी दोऱ्याने चिठ्ठी बांधली. 'अॅल्युमिनियम. लोक जर्मल म्हणतात.'

त्यांच्या डायरीत एक पातळ, पारदर्शक चकती असायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्या पेजेचा थर काचेवर वाळवून सोलला की ती मिळे. कुणीही भेटलं की ते डायरी उघडून ती दाखवत. "ओळखा." लोक म्हणत प्लॅस्टिक, लोक म्हणत बटर पेपर. "झिंगा आहे," सर सांगत, आणि समोरच्याने हात मागे घेतला की त्यांना समाधान वाटे. एकदा माझं बोट फुटक्या पिपेटने कापलं तेव्हा त्यांनी तसलीच एक चकती जखमेवर लावली. जखम भरली. मी त्याचं श्रेय माझ्या रक्ताला देते, पण चकती निघाली नाही चार दिवस, हे खरं.

आणि कापूस. हे ते वर्गात दरवर्षी सांगत. कापसाचा धागा आणि झिंग्याचं कवच आतून एकाच घराण्यातले. साखळी तीच, कडी तीच, फक्त प्रत्येक कडीला एका जागी वेगळी गाठ. "कापूस आणि झिंगा चुलतभाऊ," ते म्हणत. कापूस पिकवणाऱ्यांची मुलं समोर बसलेली. ती खो खो हसत. मागच्या बाकावरून एकदा कुणी म्हणालं, "सर, मंग कापूस फेडरेशनमदी झिंगे घेत काऊन नाईत?" सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि खरोखरच विचार करायला लागले.

मी एकदा त्यांना विचारलं की या सगळ्याचं पुढे करायचं काय. त्यांनी एक काचेची बरणी काढली, तीत काळी माती घोळलेलं पाणी भरलं आणि सत्त्वाचे चार थेंब टाकून काडीने ढवळलं. मिनिटभर काही नाही. मग चिखलाच्या गाठी धरायला लागल्या आणि दूध फाटावं तसं पाणी वेगळं झालं. गाठी तळाशी. वर नितळ.

"तुरटीनेही होतं हे," मी म्हटलं.

"होतं. पण काळ्या मातीला फार लागते. पाणी आंबूस होतं, डाळ शिजत नाही म्हणून बायका कमी टाकतात. हे चमचाभर पुरतं." मग बरणी खिडकीत ठेवून म्हणाले, "मला एक गाव हवं आहे, बाई. एक गाव, एक पावसाळा. लोकांनी वापरून सांगावं, बरं की वाईट. नाही तर हे सगळं त्या डायरीतल्या चकतीसारखं. दाखवायला." बारा वर्षं ते हे करत होते आणि बारा वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दोन वर्षांनी गाव मिळालं. माझ्या मामाचंच.

अल्लीपूरच्या पुढे, नदीला लागून, चाळीसेक घरांचं गाव. त्या पावसाळ्यात गावातली गोड्या पाण्याची एकुलती विहीर खचली आणि लोक नदीचं पाणी पिऊ लागले. नदी नुसती चिखल वाहत होती. लेकरांना हगवण लागली. मामांची चार वर्षांची नात आठवडाभर अंथरुणावर होती. मी भेटायला गेले तर तिचा हात काडीसारखा झालेला. पाणी उकळता का, मी मामींना विचारलं. मामी म्हणाल्या, "चिखल उकळून काय करू माय? चिखलच राह्यते. अन् लाकडं ओली."

मी परत येऊन सरांना सांगितलं. त्यांनी दोन मोठ्या तपकिरी बाटल्या भरून दिल्या. घागरीला एक चमचा, ढवळायचं, तासभर ठेवायचं, वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं, आणि मग उकळायचंच. निवळलं म्हणजे शुद्ध झालं नाही, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "आणि बाई, हे कशाचं आहे ते पहिल्या दिवशीच सांगा. आधी सांगा, मग चमचा काढा."

बाटल्यांवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. 'झिंग्यांच्या टरफलांचं सत्त्व, व्हिनेगरात.'

माझे मामा माळकरी. आईकडचं सगळं घरच माळकरी, लग्नानंतर आईने आमच्याकडे मासळी शिजवली पण तोंडात कधी घातली नाही. गावातली निम्मी घरं मामांच्या शब्दातली. आणि मामांना वाचता येत होतं. रोज पोथी वाचत.

बसमध्ये बसायच्या आधी मी स्टँडवरच्या नळाखाली दोन्ही चिठ्ठ्या भिजवून काढल्या. तिथेच नव्या चिकटवल्या. 'पाणी निवळण्याचं औषध.' माझ्या डोळ्यांपुढे तो काडीसारखा हात होता, आणि मला वाटलं, पोरगी वाचली की बाकी सगळं नंतर बघू. आजही मला तो विचार अगदीच मूर्खपणाचा वाटत नाही. म्हणून तर सांगते आहे.

आठवड्याने सरांनी विचारलं, "सांगितलंत ना?"

"हो," मी म्हटलं.

औषध चाललं. सकाळी बाया वाटी घेऊन मामींच्या दारात येत आणि मामी चमच्याने मोजून देत. नितळ पाणी उकळायला बायांची ना नव्हती. नितळ पाण्याला कष्ट घ्यावेसे वाटतात. नात अंगणात खेळायला लागली. अकराव्या दिवशी, रविवारी, सर म्हणाले की मी येतो बघायला.

मामांनी सरांना पाट दिला. मामींनी पितळी तांब्यातून पाणी आणलं. "घ्या सर," मामा म्हणाले, "तुमचंच पाणी हाय. तुमच्या किरपेनं पोरगी उठली."

सरांनी पेला उजेडाकडे धरला. पाण्यातून समोरची भिंत स्वच्छ दिसत होती. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता. मग ते म्हणाले, "बाटली कुठे ठेवता?"

"देवापाशी," मामी म्हणाल्या. "रोज हळद-कुंकू वाह्यलं म्या."

आणि ती खरंच देव्हाऱ्यात होती. विठ्ठलाच्या तसबिरीला टेकून, गळ्याला कुंकवाची बोटं ओढलेली, पुढे जास्वंदीचं फूल. सरांनी ती उचलली. चिठ्ठीवर कुंकू आलं होतं ते अंगठ्याने पुसलं. वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी चुलीकडे बघत होते.

कुणी काही विचारलं नव्हतं. हे मला नीट सांगायला हवं. पाणी निवळलं होतं, पोरगी खेळत होती, मामा खूश होते. एक गाव, एक पावसाळा. त्यांना फक्त बाटली जागेवर ठेवायची होती.

"मामा," सर म्हणाले, "हे कशाचं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

"औषध हाय म्हने. जडीबुटीचं असन. भाचीच्या कालेजातलं हाय, तं आमी इचारलं नाई."

"झिंग्यांच्या टरफलांचं आहे."

मामा हसले. त्यांना थट्टा वाटली. मग सरांचा चेहरा बघून हसू गेलं. "झिंग्याच्या?"

"सुक्या झिंग्यांच्या. बाजारातून आणतो. धुतो, आम्लात टाकतो, सोड्यात उकळतो. शेवटी उरतं त्यात मांस नसतं. पण ते झिंग्याचंच असतं."

मामींनी पदर तोंडाला लावला. अंगणात नात एकटीच काहीतरी बडबडत होती.

"अकरा दिवस पेलो म्या," मामा म्हणाले.

"हो."

"तुमी पेता?"

"दोन वर्षं झाली. मासळी मीही खात नाही, मामा. पण मला माहीत होतं." सरांनी बाटली जमिनीवर ठेवली. देव्हाऱ्यात नाही. "पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही.

मामांनी वाद घातला नाही. उठले, गळ्यातली तुळशीची माळ काढली, देवापुढे ठेवली, आणि बाहेर जाऊन हात धुतले. सरांना बसपर्यंत सोडायला मात्र आले, चपला न घालता. सरांनी हात जोडले. मामांनीही जोडले.

बसमध्ये नाचणगावला बारशाला निघालेली मंडळी होती. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. अल्लीपूर मागे पडल्यावर मी म्हटलं, "सर, कापसाच्या जातीचं आहे म्हणाला असतात तरी चाललं असतं. ते खोटं नव्हतं."

"खोटं नव्हतं," ते म्हणाले. "पण त्यांना कळलं नसतं."

"कुणी विचारलंही नव्हतं."

सर खिडकीतून पाण्याखाली गेलेली कापसाच्या पऱ्हाटीची शेतं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझ्या टेबलावर एक कोरी चिठ्ठी, गोंदाची बाटली आणि गावाहून परत आणलेली, संपलेली पहिली तपकिरी बाटली ठेवलेली होती. "लेबल बदला," सर जाता जाता म्हणाले. मी बसून लिहिलं. झिंग्यांच्या टरफलांचं सत्त्व, व्हिनेगरात. या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि माझ्यावर काही कमी विश्वास टाकतात असंही दाखवलं नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात मी एकटी मामांकडे गेले. मामा गोठ्यात होते. गळा मोकळा. मी उभ्या उभ्या सांगितलं, चिठ्ठी मी बदलली, सरांचा काही दोष नाही.

"मले ठाव हाय," मामा म्हणाले. वैरण टाकणं थांबवलं नाही. "त्यायनं बाटली वाचली तवा तुया तोंडाकडे पाह्यलं म्या."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"त्यायनं आपल्या अंगावर घेतलं. मी कायले काढू?" एक पेंढी सोडून त्यांनी बैलापुढे पसरली. "तू खोटं काऊन सांगतलं, हे समजते मले. पोरीसाठी. पण मले इचारलं असतं तं म्या पोरीले पाजलंच असतं. माह्या गळ्यात माळ होती, पोरीच्या गळ्यात थोडीच होती."

हे उत्तर मला सुचलंच नव्हतं. मी चाळीस घरांच्या वतीने ठरवून टाकलं होतं की त्यांना खरं पेलणार नाही.

मग मामा मला चावडीपाशी घेऊन गेले. तिथे दोन रांजण मांडले होते. एका रांजणावर खडूने, पोथीच्या वळणाच्या अक्षरात, मामांनी स्वतः लिहिलं होतं, 'तुरटीचं'. दुसऱ्यावर, 'झिंग्याचं'. "ज्याले जे पाह्यजे ते घेईन," ते म्हणाले. "दुसरी बाटली अर्धी हाय अजून. सरायले सांग, आणखी एक पाठवजो म्हना." आम्ही उभे असताना एक म्हातारी आली. तिच्याही गळ्यात माळ होती. तिने दोन्ही रांजणांकडे पाहिलं, तुरटीच्या रांजणातून आपला तांब्या भरला आणि झिंग्याच्या रांजणातून नातवाची कळशी.

सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती घरं घेतात?"

"अर्धी. थोडी कमीच."

"माहीत असून?"

"रांजणावर लिहिलंय, सर."

त्यांनी डायरी काढली आणि काहीतरी लिहिलं. काय, ते मी पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गावाची विहीर बांधून झाली आणि रांजण घरोघर परत गेले. मामांनी माळ पुन्हा घातली. कधी घातली ते मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सरांना दुसरं गाव मिळालं नाही. त्यांनी शोधल्याचंही मला आठवत नाही. ते रविवारी टरफलं उकळत राहिले. यमुनाबाई थकली तेव्हा तिची सून बाजारात बसू लागली, आणि तिनेही पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, "सर, हे नेऊन करता काय?"

मी लग्नानंतर कारंज्याला गेले आणि तिथल्या शाळेत लागले. वर्षातून एकदोनदा जुन्या गावी चक्कर व्हायची. अशाच एका उन्हाळ्यात कळलं की सर आजारी आहेत. गेले. खोली तीच, कपाटात बाटल्या त्याच, प्रत्येकीवर चिठ्ठी. सर पलंगावर उशाला टेकून बसले होते. छातीत कफ होता, आवाज बसलेला. घरमालकाची सून दुपारचं औषध द्यायला आली होती, तिच्या हातून पुडी मी घेतली. आत लाल-पिवळ्या कॅप्सूल होत्या.

मी एक काढून त्यांच्यापुढे धरली.

"हे कशाचं?" सरांनी विचारलं.

त्यांना माहीत होतं. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. कॅप्सूलचं वेष्टण कशाचं असतं हे त्यांना माहीत नसणं शक्य नव्हतं. आणि दारात ती सून उभी होती, सोवळ्यातल्या घरातली, त्यांच्या कपबशा वेगळ्या विसळणारी. औषध आहे सर, गिळा, एवढं म्हणायचं असतं आजारी माणसाला.

"आत पावडर आहे, तिचं नाव पुडीवर आहे," मी म्हटलं. "वेष्टण जिलेटिनचं. जनावरांच्या हाडांचं आणि कातड्याचं."

सून पुटपुटली, "अगं बाई," आणि दारातून मागे सरली.

सर माझ्याकडे बघत होते. मीही या वेळी चुलीकडे वगैरे पाहिलं नाही. खोलीत चूल नव्हतीच. मग त्यांनी तळहात पुढे केला.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"नळाचं. उकळलेलं."

त्यांनी ती गिळली.